प्रवाळ मत्स्यालय

प्रवाळ मत्स्यालय म्हणजे जिवंत प्रवाळांच्या जोपासनेसाठी तयार केलेली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होय. सामान्य मत्स्यालयात माशांना प्राधान्य असते. प्रवाळ मत्स्यालयात मात्र प्रकाश, तापमान, पाण्याचा प्रवाह आणि पाण्यात विरघळलेले क्षार यांची सर्व व्यवस्था प्रवाळांच्या गरजेनुसार केलेली असते. प्रवाळ हा प्राणी असून तो पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट घेऊन स्वतःचा चुनखडीचा सांगाडा रचतो. त्यामुळे बंदिस्त टाकीत प्रवाळ जसजसे वाढते, तसतसा पाण्यातील हा साठा कमी होत जातो. तो साठा खर्च होईल त्याच प्रमाणात भरून काढणे आणि इतर परिस्थिती शक्य तितकी स्थिर राखणे, हे प्रवाळांच्या वाढीचे मुख्य सूत्र आहे. भारतात दगडी प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण असल्याने या विषयास छंदाबरोबरच कायद्याची व संवर्धनाचीही बाजू आहे.

नाव व संज्ञा

मराठीतील ‘पोवळे’ आणि संस्कृतातील ‘प्रवाल’ हे शब्द मूळतः दागिन्यांतील लाल रत्नास उद्देशून वापरले जात. संस्कृतात यालाच ‘विद्रुम’ असेही म्हणतात. नवरत्नांत गणले जाणारे हे पोवळे प्रामुख्याने भूमध्य समुद्रातील कोरॅलियम रुब्रम या प्रजातीपासून मिळते. आयुर्वेदातील प्रवाळ पिष्टी व प्रवाळ भस्म यांतील मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट हाच होय.

प्रवाळ मत्स्यालयात जोपासली जाणारी प्रवाळे रत्नाच्या पोवळ्याहून वेगळी असतात. त्यांचे स्थूलमानाने दोन प्रकार मानले जातात. दगडी प्रवाळे स्क्लेरॅक्टिनिया या गणातील असून त्यांचा सांगाडा अखंड व कठीण असतो. समुद्रातील प्रवाळभित्ती मुख्यतः यांच्यामुळेच उभ्या राहतात. मृदु प्रवाळांना असा अखंड सांगाडा नसतो. त्यांच्या शरीरात चुनखडीच्या सूक्ष्म कंटिका विखुरलेल्या असतात. दगडी प्रवाळांतही छंदाच्या व्यवहारात मोठ्या मुखांची आणि लहान मुखांची असा भेद करतात. अॅक्रोपोरासारखी लहान मुखांची, फांद्या असलेली प्रवाळे सर्वांत वेगाने वाढतात आणि पाण्यातील बदल सर्वांत कमी सहन करतात.

प्रवाळाची वाढ कशी होते

प्रवाळाच्या वसाहतीत पॉलिप नावाचे असंख्य लहान जीव असतात. प्रत्येक पॉलिपला एक मुख व त्याभोवती स्पर्शिका असतात. त्याच्या ऊतींमध्ये झूक्झँथेली नावाचे एकपेशीय शैवाल राहते. हे शैवाल प्रकाशसंश्लेषणाने शर्करा व इतर पोषक द्रव्ये तयार करते आणि त्यांतील मोठा वाटा प्रवाळास मिळतो. त्या बदल्यात शैवालास आसरा आणि प्रवाळाने उत्सर्जित केलेली नायट्रोजन व फॉस्फरसयुक्त द्रव्ये मिळतात. उष्ण कटिबंधातील प्रवाळांचे तपकिरी व हिरवट रंग बऱ्याच अंशी या शैवालामुळे असतात. पाणी प्रमाणाबाहेर तापल्यास हे सहजीवन मोडते, शैवाल बाहेर टाकले जाते आणि पांढरा सांगाडा पारदर्शक ऊतींतून दिसू लागतो. यास प्रवाळांचे विरंजन म्हणतात.

सांगाडा तयार होण्याची रासायनिक प्रक्रिया शालेय विज्ञानातील एका प्रयोगावरून समजून घेता येते. चुन्याच्या निवळीत कार्बन डायऑक्साइड सोडला की निवळी दुधाळ होते, कारण कॅल्शियम कार्बोनेटचे न विरघळणारे कण तयार होतात. तोच वायू सोडत राहिल्यास निवळी पुन्हा स्वच्छ होते, कारण आता विरघळणारे कॅल्शियम बायकार्बोनेट तयार झालेले असते. प्रवाळ यातील दुसऱ्या पायरीच्या उलट काम करते. ते पाण्यात विरघळलेले कॅल्शियम व बायकार्बोनेट घेते आणि त्यांपासून अॅरागोनाइट या स्फटिकरूपातील कॅल्शियम कार्बोनेट आपल्या ऊतींखाली साचवते. यासाठी पॉलिपला ऊर्जा खर्च करावी लागते आणि ती बहुतांशी शैवालाकडून मिळते. म्हणूनच सांगाडा रात्रीपेक्षा दिवसा अधिक वेगाने वाढतो. जमैका येथे काम करणारे थॉमस गोरो यांनी किरणोत्सारी कॅल्शियम वापरून हा संबंध १९५० च्या दशकात प्रयोगाने दाखवला.

वाढीचा वेग प्रजातीनुसार फार भिन्न असतो. गोलाकार, भरीव पोराइट्स प्रवाळ वर्षाला साधारण १ सेंटीमीटर वाढते. अनुकूल परिस्थितीत अॅक्रोपोराची फांदी वर्षाला १० सेंटीमीटर किंवा त्याहूनही अधिक लांब होऊ शकते.

इतिहास

बंदिस्त टाकीत प्रवाळ दीर्घकाळ जगवणे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ अशक्य मानले जात असे. इंडोनेशियातील जकार्ता येथील ली चिन एंग यांनी समुद्रातील जीवयुक्त खडक आणि हवेचे बुडबुडे यांच्या साहाय्याने प्रवाळे जगवून दाखवली. त्यांच्या या ‘नैसर्गिक’ पद्धतीची माहिती १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली. मात्र त्यांना समुद्राचे ताजे पाणी सहज उपलब्ध होते.

समुद्रापासून दूर असलेल्या युरोपीय शहरांतील हौशी पालकांनी पुढचा टप्पा गाठला. पीटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात कॅल्शियमच्या भरपाईसाठी चुन्याच्या निवळीचा वापर प्रचारात आणला. सजीव खडक, प्रखर प्रकाश आणि फेसाच्या रूपाने सेंद्रिय द्रव्ये वेगळी करणारे प्रोटीन स्किमर हे उपकरण यांचा मेळ घालणारी पद्धत पुढे ‘बर्लिन पद्धत’ या नावाने ओळखली जाऊ लागली. अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर अॅडी यांनी शैवालाच्या साहाय्याने पाणी शुद्ध राखणाऱ्या प्रवाळ परिसंस्थेची प्रतिकृती उभी केली. मोनॅको येथे झाँ जोबेर यांनी तळाच्या वाळूच्या थराचा उपयोग करणारी पद्धत विकसित केली.

मुंबईत मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले. सागरी जीव जवळून पाहण्याची सोय त्यामुळे सर्वसामान्यांना मिळाली. अलीकडच्या काळात मत्स्यालयांतील संशोधन प्रजननापर्यंत पोहोचले आहे. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातील संशोधकांनी टाकीत ऋतूंचे तापमान, दिवसमान व चंद्रप्रकाश यांची नक्कल करून अॅक्रोपोरा प्रवाळांकडून ठरावीक काळी अंडी व शुक्राणू सोडवून घेतले. त्यांची कार्यपद्धती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली.

वाढीस आवश्यक परिस्थिती

प्रवाळ मत्स्यालयातील पाण्यासाठी सर्वसाधारणपणे पुढील मर्यादा पाळल्या जातात :

– तापमान : २४ ते २७ अंश सेल्सिअस
– लवणता : १ किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार
– कॅल्शियम : ४०० ते ४५० मिलिग्रॅम प्रति लिटर
– अल्कलिनिटी : ७ ते १० डीकेएच
– मॅग्नेशियम : १२५० ते १३५० मिलिग्रॅम प्रति लिटर
– पीएच : ७.९ ते ८.४

अल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल उदासीन करण्याची क्षमता. समुद्राच्या पाण्यात ती मुख्यतः बायकार्बोनेट व कार्बोनेट यांमुळे असते. त्यामुळे प्रवाळास उपलब्ध असलेल्या कार्बोनेटचा अंदाज तीवरून येतो. डीकेएच हे तिचे प्रचलित एकक आहे. नैसर्गिक समुद्रात अल्कलिनिटी सुमारे ७ डीकेएच, तर कॅल्शियम सुमारे ४१० ते ४२० मिलिग्रॅम प्रति लिटर असते.

या आकड्यांपेक्षा त्यांचे स्थैर्य अधिक महत्त्वाचे आहे. ७.५ डीकेएचवर महिनोन्‌महिने स्थिर असलेल्या टाकीत प्रवाळे चांगली वाढतात. अल्कलिनिटी आज ७ आणि दोन दिवसांनी १० असेल, तर मात्र दोन्ही आकडे मर्यादेत असूनही फांद्यांची टोके जळाल्यासारखी पांढरी पडू शकतात.

प्रकाश : प्रवाळांना दिवसाचे साधारण १० ते १२ तास प्रकाश दिला जातो. शैवालास निळ्या भागातील किरण विशेष उपयोगी असल्याने दिव्यांत निळ्या रंगाचे प्रमाण जास्त ठेवतात. प्रकाशाची तीव्रता मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद या एककात मोजतात. अनेक मृदु प्रवाळांना ५० ते १५० इतकी तीव्रता पुरते. लहान मुखांच्या दगडी प्रवाळांना २०० ते ४०० लागते. मंद प्रकाशातील प्रवाळ एकाएकी प्रखर दिव्याखाली आणल्यास शैवालास इजा होते. म्हणून तीव्रता काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवावी लागते.

प्रवाह : प्रवाळ जागचे हलत नाही. त्याला लागणारा प्राणवायू, क्षार व अन्न पाण्याने आणून द्यावे लागते आणि उत्सर्जित द्रव्ये पाण्यानेच वाहून न्यावी लागतात. स्थिर पाण्यात ऊतीलगत पाण्याचा एक पातळ थर साचून राहतो व ही देवाणघेवाण मंदावते. त्यामुळे टाकीतील एकूण पाण्याच्या किमान १० ते २० पट पाणी दर तासाला फिरते ठेवतात. अॅक्रोपोरासारख्या प्रवाळांसाठी हे प्रमाण आणखी वाढवावे लागते. प्रवाह एकाच दिशेने जोरात मारणारा नसावा. तो लाटांप्रमाणे दिशा बदलणारा असावा.

पोषक द्रव्ये : माशांच्या विष्ठेपासून व उरलेल्या खाद्यापासून नायट्रेट व फॉस्फेट तयार होतात. त्यांचे प्रमाण फार वाढल्यास तंतुमय शैवाल प्रवाळांवर मात करते. फॉस्फेटमुळे सांगाड्याच्या स्फटिकवाढीस अडथळा येतो, असेही मानले जाते. परंतु ही द्रव्ये पूर्णपणे काढून टाकणे तितकेच अपायकारक आहे. विशेषतः फॉस्फेट नाहीसे झाल्यास प्रवाळांतील शैवाल उपासमारीने दुर्बल होते आणि विरंजनाचा धोका वाढतो. म्हणून नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर इतके राखण्याचा प्रघात आहे.

खाद्य : प्रकाशावर वाढणारी प्रवाळेही रात्री स्पर्शिका पसरून सूक्ष्म प्लवक पकडतात. आर्टेमियाची पिल्ले व इतर बारीक खाद्य थोड्या प्रमाणात दिल्यास ऊती व सांगाडा या दोहोंची वाढ सुधारते.

पाणी व मीठ : टाकीतील पाणी शुद्ध पाण्यात कृत्रिम सागरी मीठ विरघळवून तयार करतात. घरातील खडेमीठ यासाठी चालत नाही. त्याचे कारण मिठागरात दिसते. समुद्राचे पाणी आटत जाते तेव्हा कॅल्शियमचे कार्बोनेट व सल्फेट आधी तळाशी बसतात, त्यानंतर सोडियम क्लोराइडचे खडे जमतात आणि मॅग्नेशियमचे क्षार शेवटच्या कडू द्रावात शिल्लक राहतात. खड्यांत मुख्यतः सोडियम क्लोराइड येते. प्रवाळास हवे असलेले कॅल्शियम व मॅग्नेशियम मागेच राहते.

चुनखडीच्या घटकांची भरपाई

प्रवाळ कॅल्शियम व अल्कलिनिटी ठरावीक प्रमाणात वापरते. अल्कलिनिटी २.८ डीकेएच उतरते तेव्हा कॅल्शियम प्रति लिटर २० मिलिग्रॅमने कमी होते. त्यामुळे वाढीचा अंदाज घेण्यासाठी रोज एकाच वेळी अल्कलिनिटी मोजणे ही सोपी व विश्वसनीय रीत ठरते. २०० लिटरच्या टाकीत ती दररोज ०.७ डीकेएचने घटत असेल, तर कॅल्शियम प्रति लिटर ५ मिलिग्रॅम, म्हणजे एकूण १ ग्रॅम खर्च होते. यापासून दररोज सुमारे २.५ ग्रॅम चुनखडी तयार होत असते. हा खर्च सर्व प्रवाळे, गुलाबी कवचासारखे पसरणारे चुनखडीयुक्त शैवाल आणि शिंपले यांचा मिळून असतो. प्रवाळे मोठी होत गेली की खर्चही वाढतो. त्यामुळे सहा महिन्यांपूर्वी ठरवलेली मात्रा पुढे अपुरी पडू लागते.

भरपाईच्या प्रचलित पद्धती चार आहेत.

पाणी बदलणे : दर आठवड्यास १० टक्के पाणी बदलल्याने थोडी भरपाई होते व साचलेली द्रव्ये कमी होतात. प्रवाळे मोजकी असतील तर एवढे पुरते.

चुन्याची निवळी : शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्यात ढवळून स्थिर ठेवतात व वरचे स्वच्छ द्रावण वापरतात. यातून कॅल्शियम व अल्कलिनिटी दोन्ही योग्य प्रमाणात मिळतात. वरील उदाहरणातील टाकीस दिवसाला साधारण सव्वा लिटर संपृक्त निवळी पुरेशी होते. निवळीचा पीएच १२ च्या वर असल्याने ती थेंबाथेंबाने, शक्यतो रात्री सोडतात, कारण रात्री प्रकाशसंश्लेषण थांबून टाकीतील पीएच उतरलेला असतो. पानासाठी मिळणारा चुना शुद्धतेची खात्री नसल्याने वापरू नये. निवळी तयार करताना डोळे व त्वचा यांची काळजी घेणे आवश्यक आहे.

दोन द्रावणे : एका द्रावणात कॅल्शियम क्लोराइड आणि दुसऱ्यात सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे खाण्याचा सोडा, किंवा सोडियम कार्बोनेट असते. ही द्रावणे टाकीत वेगवेगळ्या वेळी सोडतात. ती एकत्र ओतल्यास चुनखडीचा साका तयार होऊन दोन्ही वाया जातात.

कॅल्शियम रिअॅक्टर : बंद नळकांड्यात प्रवाळांच्या सांगाड्याचे किंवा चुनखडीचे तुकडे ठेवून त्यांतून कार्बन डायऑक्साइडयुक्त पाणी फिरवतात. दुधाळ निवळी पुन्हा स्वच्छ होते त्याच प्रक्रियेने हे तुकडे विरघळतात. ही पद्धत मोठ्या टाक्यांस उपयुक्त आहे.

मॅग्नेशियम फार कमी झाल्यास पाण्यातील चुनखडी प्रवाळांऐवजी पंपांवर व तापकावर साचू लागते. अशा वेळी नुसते कॅल्शियम वाढवत राहण्याचा उपयोग होत नाही. आधी मॅग्नेशियम पूर्ववत करावे लागते.

अंतर्भागातील हवामान : नागपूरचे उदाहरण

प्रवाळ समुद्रात ज्या तापमानात राहते त्याचा वर्षभरातील चढउतार मर्यादित असतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नागपुरात मे महिन्यात दुपारचे तापमान ४५ अंशांपर्यंत, कधी त्याच्याही वर जाते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरते. त्यामुळे येथील टाकीस उन्हाळ्यात शीतकरण व हिवाळ्यात तापक अशी दोन्ही साधने लागतात.

उन्हाळ्यातील कोरड्या हवेत पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडणे हा परिणामकारक उपाय आहे. वाळ्याच्या ताट्या व कूलर ज्या तत्त्वावर खोली थंड करतात, त्याच तत्त्वावर बाष्पीभवनामुळे टाकी थंड होते. १ लिटर पाण्याची वाफ होताना शोषली जाणारी उष्णता १०० लिटर पाण्याचे तापमान जवळजवळ ६ अंशांनी उतरवण्याइतकी असते. परंतु वाफ केवळ पाण्याची होते, मीठ मागे राहते. १०० लिटरच्या टाकीतून २ लिटर पाणी उडाले तर लवणता ३५ वरून ३५.७ पर्यंत चढते. म्हणून घटलेल्या पाण्याची भरपाई दररोज गोड्या शुद्ध पाण्याने करावी लागते, खाऱ्या पाण्याने नव्हे. ज्या खोलीत कूलर चालू असतो तेथील हवा आधीच दमट झालेली असल्याने पंख्याचा परिणाम कमी होतो. पावसाळ्यात तो आणखी घटतो. अशा वेळी वातानुकूलित खोली किंवा चिलर यांचाच आधार उरतो.

बाष्पीभवनाचा संबंध चुन्याच्या निवळीशीही येतो. निवळी ही उडालेल्या पाण्याच्या जागी घालायची असते. उन्हाळ्यात दिवसाला २ लिटर पाणी उडत असेल तर सव्वा लिटर निवळी सहज सामावते. जुलैमध्ये बाष्पीभवन अर्ध्या लिटरवर आले, तर तितकी निवळी घालणे लवणता उतरवल्याशिवाय शक्य होत नाही. प्रवाळांची गरज मात्र तेवढीच राहते. त्यामुळे पावसाळ्यात उरलेली भरपाई दोन द्रावणांच्या पद्धतीने करणे योग्य ठरते.

शहरास पेंच प्रकल्प व कन्हान नदी यांतून पाणीपुरवठा होतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आणि विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यातील विरघळलेले क्षार प्रवाळांस अपायकारक ठरू शकतात. त्यामुळे आरओ व त्यानंतर आयन काढणारे रेझिन वापरून जवळजवळ क्षारविरहित पाणी तयार करतात. पिण्याच्या पाण्यासाठीच्या घरगुती आरओ यंत्रांत चवीसाठी काही क्षार ठेवण्याची किंवा मिसळण्याची सोय असते. असे पाणी या कामी योग्य नसते.

उन्हाळ्यात दारे-खिडक्या दिवसभर बंद ठेवल्यास खोलीत कार्बन डायऑक्साइड साचून टाकीचा पीएच उतरतो. पहाटे हवा खेळती ठेवणे हा त्यावरील साधा उपाय आहे. वीज गेल्यास सर्वांत आधी प्राणवायू कमी पडतो. म्हणून किमान एक प्रवाह-पंप इन्व्हर्टरवर किंवा बॅटरीवर जोडलेला असणे आवश्यक मानले जाते.

वाढीचे मापन व तुकड्यांपासून लागवड

वाढ सुधारली की नाही, हे केवळ डोळ्यांनी ठरवणे फसवे असते. ठरावीक अंतरावरून, मोजपट्टीसह दरमहा छायाचित्र घेणे ही सोपी रीत होय. संशोधक प्रवाळ पाण्यात टांगून त्याचे वजन करतात. ऊतींची घनता पाण्याच्या जवळपास असल्याने आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार पाण्यातील वजन जवळजवळ पूर्णपणे सांगाड्याचे असते. त्यामुळे प्रवाळास इजा न करता सांगाड्यात पडलेली भर कळते.

जास्वंदीची फांदी लावून नवे रोप तयार करतात त्याप्रमाणे प्रवाळाचा तुकडा खडकावर चिकटवून नवी वसाहत तयार करता येते. अशी वसाहत मूळ वसाहतीशी जनुकीयदृष्ट्या एकरूप असते. प्रवाळाचे अगदी लहान तुकडे एकमेकांजवळ लावल्यास ते कडेने वेगाने पसरतात व पुढे एकमेकांत मिसळतात, असे अमेरिकेतील फ्लॉरिडा येथील मोट सागरी प्रयोगशाळेत आढळले. सावकाश वाढणाऱ्या भरीव प्रवाळांच्या पुनर्वसनासाठी ही सूक्ष्म तुकड्यांची पद्धत आता वापरली जाते.

भारतातील कायदेशीर स्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सर्व दगडी प्रवाळे, काळी प्रवाळे, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळे व समुद्रपंखे यांचा समावेश करण्यात आला. या अनुसूचीत वाघासारख्या प्राण्यांची गणना होते. त्यामुळे समुद्रातून प्रवाळ तोडणे, त्याची विक्री करणे किंवा ते बाळगणे हा गंभीर गुन्हा आहे. किनाऱ्यावर शोभेची वस्तू म्हणून विकला जाणारा मृत सांगाडाही यास अपवाद नाही. आंतरराष्ट्रीय पातळीवर दगडी प्रवाळांचा व्यापार साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टानुसार नियंत्रित आहे. २०२२ च्या दुरुस्तीने या कराराच्या तरतुदी भारतीय कायद्यात आणल्या आणि २०२४ मध्ये अशा परदेशी जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचे नियम लागू झाले.

परदेशांतील पुस्तकांत घरगुती टाकीसाठी सुचवलेली अनेक प्रवाळे भारतात त्यामुळेच मुक्तपणे पाळता येत नाहीत. दुकानात एखादा प्राणी मिळतो, एवढ्यावरून तो बाळगणे वैध ठरत नाही. त्याचे शास्त्रीय नाव, उगम व कागदपत्रे पाहून वनविभागाकडे आधी चौकशी करणे उचित होय. प्रवाळभित्तीतून काढलेल्या ‘सजीव खडका’ऐवजी सिमेंट किंवा सिरॅमिकचे कृत्रिम खडक वापरता येतात. काही महिन्यांत त्यांवर उपयुक्त जिवाणू स्थिरावतात.

महाराष्ट्रातील प्रवाळे व पुनर्रोपण

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर लक्षद्वीपसारख्या विस्तीर्ण प्रवाळभित्ती नाहीत. नद्यांचा गाळ व पावसाळ्यातील गढूळ पाणी यांमुळे प्रवाळांना प्रकाश कमी मिळतो. तरीही मालवण व रत्नागिरी परिसरातील जिवंत प्रवाळांची नोंद राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस केली. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याचे क्षेत्रफळ २९.१२ चौरस किलोमीटर असून सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगड यांच्या भोवतीचे पाणी त्याच्या गाभा क्षेत्रात येते. येथे पोराइट्स, टर्बिनेरिया, फेव्हाइट्स यांसारखी गढूळ पाण्यास काहीशी सरावलेली प्रवाळे आढळतात. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०० किलोमीटरवर खुल्या समुद्रात आंग्रिया बँक हे बुडालेले पठार आहे. त्यास कान्होजी आंग्रे यांचे नाव असून तेथील स्वच्छ पाण्यात प्रवाळांची समृद्ध वस्ती आहे.

तुतिकोरिन येथील सुगंती देवदासन सागरी संशोधन संस्थेने मन्नारच्या आखातात प्रवाळांचे तुकडे सिमेंटच्या आधारांवर बांधून वाढवण्याचे काम दीर्घकाळ केले आहे. याच धर्तीवर सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरही पुनर्रोपणाचे प्रयत्न झाले. गुजरातेत मिठापूरजवळ जानेवारी २०२० मध्ये ‘बायोरॉक’ पद्धतीचा प्रयोग सुरू झाला. तीत लोखंडी सांगाड्यातून सौम्य विद्युतप्रवाह सोडून त्यावर खनिजांचा थर जमवतात व प्रवाळांचे तुकडे त्यावर लावतात. मुंबईत किनारी रस्त्याच्या बांधकामामुळे बाधित होणाऱ्या वरळी व हाजी अली येथील प्रवाळांच्या १८ वसाहती २०२० च्या अखेरीस वनविभागाच्या परवानगीने हलवण्यात आल्या. ही प्रवाळे लहान असली तरी पहिल्या अनुसूचीत येत असल्याने ही परवानगी आवश्यक होती.

पुनर्रोपण केलेल्या तुकड्यांनाही प्रकाश, प्रवाह, सुयोग्य तापमान व गाळविरहित पाणी हेच घटक लागतात. टाकीत हे घटक दिवे, पंप व पंख्याने सांभाळता येतात. समुद्रात तसे करता येत नाही. १९९८, २०१० व २०१६ मधील उष्णतेच्या लाटांमध्ये भारतीय सागरातील प्रवाळांचे मोठ्या प्रमाणावर विरंजन झाले. हवेतील वाढता कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळत असल्याने तेथील कार्बोनेटही घटत आहे.

धोके व मर्यादा

झोअँथिड गटातील काही प्राण्यांत, विशेषतः पॅलिथोआ या प्रजातीत, पॅलिटॉक्सिन हे अतितीव्र विष असते. असे प्राणी असलेले खडक उकळणे, गरम पाण्याने धुणे किंवा उघड्या हातांनी घासणे धोक्याचे आहे. त्यांच्या वाफेमुळे संपूर्ण कुटुंबास विषबाधा झाल्याच्या घटना परदेशांत नोंदल्या गेल्या आहेत. माशांच्या औषधांतील तांबे प्रवाळांस व इतर अपृष्ठवंशीय प्राण्यांस मारक असल्याने अशी औषधे वेगळ्या टाकीतच वापरावीत. विद्युत उपकरणे व खारे पाणी एकत्र असल्याने गळती-संरक्षक स्विच बसवणे आवश्यक आहे.

मत्स्यालयात वाढवलेली प्रवाळे परस्पर समुद्रात सोडणे बेकायदेशीर व अपायकारक आहे, कारण त्यांच्यासोबत रोगजंतू व परकी जीव समुद्रात जाऊ शकतात. समुद्रातील प्रवाळभित्तीची जागा टाकी घेऊ शकत नाही. मात्र प्रवाळास किती प्रकाश, कोणते तापमान व किती कॅल्शियम लागते, याविषयीच्या ज्ञानाचा काही भाग अशा टाक्यांतील दीर्घ निरीक्षणांतून मिळाला असून त्याचा उपयोग पुनर्रोपणाच्या प्रकल्पांत केला जात आहे.